सिगारबरोबर रेड वाईन : कोणती घ्यावी?

उनाड_पाटील
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा शौकीन आहे, नावं ठेवू नका 😀 मेहुणा दुबईहून निकाराग्वाच्या सिगार घेऊन आलाय, रोबुस्टो म्हणजे आखूड-जाड साईझ, रॅपर (बाहेरचं गुंडाळलेलं पान) एकदम काळपट, बॉक्सवर मदुरो लिहिलंय. शनिवारी मळ्यावर मटणाचा बेत आहे आणि त्याचा हट्ट की सिगारबरोबर रेडच पाहिजे. मी पडलो रमवाला. घरात नाशिकची, ओकच्या पिंपात मुरवलेली कॅबर्ने रेड आहे, पण मागे असंच बसलो होतो तेव्हा दोन घोटांत तोंड इतकं तुरट-कडू झालं की ना वाईन कळली ना सिगार. मुळात हे जमतं का? बजेट दीड हजार, फार ताणू नका.

बागवाला
पाटील, तो टॅनिनचा, म्हणजे वाईनमधल्या तुरट घटकाचा प्रताप. कॅबर्नेच्या साली-बियांत टॅनिन भरपूर, वर ओकच्या पिंपाचं आणखी, आणि ते लाळेतल्या प्रोटीनला जाऊन चिकटतं म्हणून जांभळं खाल्ल्यावर जीभ आवळते तसं होतं. मटणाबरोबर हेच टॅनिन छान लागतं कारण तिथे चरबी आणि प्रोटीन आहे, सिगारमध्ये यातलं काहीच नाही, उलट धूरच तोंड कोरडं करतो. तेव्हा कॅबर्ने जेवताना संपवा. सिगारला शिराझ किंवा झिन्फांडेल द्राक्षाची रेड बघा, ओक कमी असलेली, फळाची चव पुढे असलेली, नाशिककडे दोन्ही होतात आणि बजेटात बसतात. आणि हो, अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. रेड रूम टेंपरेचरला प्यायची हे युरोपातल्या गार घरांचं गणित, 16-18 डिग्रीचं. आपल्याकडे मळ्यावर उघडी ठेवलेली बाटली म्हणजे नुसता अल्कोहोलचा भपका.

सासष्टीकर
शिराझ ठीक, पण माझं मत विचाराल तर पोर्ट. पोर्तुगालच्या डोरो खोऱ्यातली. वाईन आंबत असतानाच मध्येच द्राक्षाची स्पिरिट घालून आंबणं थांबवतात, त्यामुळे साखर शिल्लक राहते आणि अल्कोहोल 19-20 टक्क्यांवर जातं. ती साखर सिगारच्या कडूपणाला पुरून उरते, साध्या रेडला ते झेपत नाही. मदुरोला रुबी पोर्ट घ्या, ती फळाच्या चवीची, आणि पुढेमागे फिक्या रॅपरची सिगार मिळाली तर टॉनी पोर्ट, ती पिंपात मुरलेली असते, बदाम-कॅरॅमलकडे झुकणारी. आमच्या गोव्यात पोर्ट म्हणून जी स्वस्त गोड बाटली मिळते तिचा डोरोशी संबंध नावापुरता, उगाच ती आणून मला शिव्या घालू नका. खरी पोर्ट दीड हजारात बसणं कठीण, मेहुण्यालाच पुढच्या खेपेला ड्यूटी-फ्रीतून आणायला सांगा.

धूरकट
दोघांनी वाईनचं सांगितलं, सिगारचं कोणीच बोलेना. पाटील, तोंड कडू व्हायला निम्मं कारण ओढायची पद्धत असते. सिगरेटसारखी फकाफक ओढली की सिगार तापते आणि कडू होते, मिनिटाला एक झुरका बास, रोबुस्टो पाऊण-एक तास सहज चालते. पेट्रोलच्या लायटरने पेटवू नका, वास लागतो, गॅसचा लायटर किंवा लांब काडी, काडीचा गंधक जळून गेला की मग. आणि काळी म्हणजे कडक असं नसतं हो, मदुरोचं पान जास्त आंबवतात म्हणून ते काळं आणि गोडसर होतं, कडकपणा ठरतो आत लिगेरो, म्हणजे झाडाच्या शेंड्याकडचं कडक पान, किती भरलंय त्यावर. उपाशीपोटी अजिबात नको, निकोटीन चढलं की घाम फुटतो, गरगरतं आणि मळ्यावर आडवं व्हायची वेळ येते.
(क्यूबन-निकाराग्वनचं कौतुक चालू द्या, पण आपल्याकडे त्रिचीतल्या उरैयूरचा चिरूट इंग्रजांच्या काळात विलायतेला जायचा हे किती जणांना माहितेय?)

गोळी_घ्या
रसभंग करतो, पण सांगायलाच हवं. धूर आत घेत नाही म्हणून सिगार सेफ, असं काही नाही. हा धूर अल्कधर्मी असतो, निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच शोषलं जातं. आणि तंबाखू अधिक दारू हे एकत्र आलं की तोंडाच्या, घशाच्या कॅन्सरचा धोका नुसत्या बेरजेपेक्षा जास्त वाढतो. वर्षाकाठी एखादी वेगळी, दर शनिवारी नको.

उनाड_पाटील
डॉक्टर, नोंद घेतली, वहिनींचाही हाच मुद्दा आहे 🙏 ठरलं तर मग, मटणाबरोबर कॅबर्ने, नंतर गार शिराझ आणि सिगार. पोर्टचं मेहुण्याच्या कानावर घालतो. एक शेवटचं, उरलेल्या सिगार पावसाळ्यात टिकतील का? आमच्याकडे कपाटातल्या चपलांनासुद्धा बुरशी येते.

धूरकट
उघड्यावर नाही टिकणार. घट्ट झाकणाचा स्वयंपाकघरातला डबा घ्या, त्यात ओलावा 65 टक्क्यांवर धरून ठेवणारं ह्युमिडिटीचं पाकीट टाका, ऑनलाईन मिळतं. फ्रीजमध्ये नको, सुकतात आणि कालच्या आमटीचा वास धरतात. पानावर बारीक गोल भोकं दिसली तर कीड आहे समजा, तेवढी लगेच बाजूला काढा नाहीतर सगळा डबा जाईल.