नव्या क्लिअरवर उन्हात जाळी दिसते, आता काय करू?

कुडाळची_काळी: बोनेट आणि डावा फेंडर नव्याने रंगवलाय. काळा रंग, वर २के क्लिअर (हार्डनर मिसळून मारायचा पारदर्शक थर), पेंट बूथ म्हणजे धूळ नसलेली बंद खोली नाही, हवेवरच सुकवलेलं. आज आठवा दिवस. पेंटरने १५०० नंबरच्या पाणी पेपरने घासून रोटरीने (पॅड नुसता गोल फिरवणारं मशीन) बफिंग करून दिलं. सावलीत आरसा, उन्हात मात्र सगळीकडे बारीक रेघांची जाळी. धुळीचे दोन-तीन दाणेही राहिलेत. माझ्याकडे ८ मिमीचं ड्युअल अ‍ॅक्शन मशीन (पॅड फिरतो आणि हेलकावतोही) आहे. परत कंपाउंड (जास्त घासणारी पेस्ट) मारू की थेट पॉलिश (बारीक पेस्ट)?

रत्नागिरी_डिटेलर: आधी मोबाईलचा टॉर्च तिरका धरून बघ. लांब पट्टे टॉर्चबरोबर सरकत असतील तर तो होलोग्राम, म्हणजे रोटरीवरच्या ऊनी पॅडची करामत. सुट्या, सरळ, खोल रेघा असतील तर त्या १५०० च्या. १५०० वरून थेट कंपाउंडवर उडी मारली की त्या बऱ्याचदा राहतात. मध्ये २००० आणि ३००० हवेतच.

पण आता पूर्ण बोनेट परत घासू नकोस. क्लिअर साधारण ४०-६० मायक्रॉनचं, त्यातलं किती आधीच उडालंय ते जाडी मोजायच्या गेजशिवाय कळत नाही. दाणे तेवढे २००० च्या पेपरने छोट्या कडक ब्लॉकवर सपाट कर, मग ३०००. पेपर आधी पंधरा मिनिटं पाण्यात भिजव, पाण्यात शाम्पूचे दोन थेंब. आपल्याकडची जांभ्याची लाल धूळ बादलीत गेली की काम वाया, तेव्हा घासण्याआधी गाडी नीट धुऊन घे.

मग मध्यम कटिंग फोम पॅड, कंपाउंडचे वाटाण्याएवढे चार ठिपके, दीड-दोन फुटांचा चौकोन. मशीनचा स्पीड ४-५, हात सावकाश, आडवे-उभे चार-पाच फेरे. शेवटी नवा मऊ पॅड, फाइन पॉलिश, स्पीड ३. बोनेटच्या कडा आणि उठावाच्या रेघांवर मास्किंग टेप लाव. तिथे थर सगळ्यात पातळ, पहिल्यांदा तिथलाच रंग फुटतो.

चिपळूण_पेंट: वरचं सगळं बरोबर, पण आठव्या दिवशी नको. कोट जाड आणि मधे पुरेसा वेळ न देता मारले असतील तर वरचा पापुद्रा सुकतो, थिनर आत अडकतं. आज चमकवलंस तरी पुढे थिनर निघून क्लिअर आकसून खाली बसतं आणि बुजलेल्या रेघा परत डोकं वर काढतात. बोनेटच्या खालच्या कडेला, जिथे दिसणार नाही, नख दाब. खूण उमटली किंवा थिनरचा वास आला तर अजून आठवडाभर थांब.

कुडाळची_काळी: नखाची खूण हलकीशी उमटतेय. थांबतो. मधे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून बघू का, पॉलिशच्या तेलाने रेघा लपल्यात का ते कळेल?

रत्नागिरी_डिटेलर: अर्धं-अर्धं मिश्रण नको, नवं क्लिअर मऊ पडतं. एक भाग अल्कोहोल, चार भाग पाणी, मायक्रोफायबरने हलकं पुसायचं. आणि कंपाउंड सिलिकॉन नसलेलंच घे, नाहीतर त्या पॅनेलवर उद्या परत रंग मारायची वेळ आली तर माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात.

चिपळूण_पेंट: वॅक्स किंवा सिरॅमिक किमान ३० दिवसांनी, क्लिअरच्या डब्यावर जास्त दिवस लिहिले असतील तर तेवढे. तोवर खाऱ्या वाऱ्याचा थर गोड्या पाण्याने नुसता ओतून काढ, कोरडं फडकं अजिबात फिरवू नकोस. पॅड खाली पडला तर तो बाजूला ठेव, झटकून परत लावू नकोस.