मदत हवी आहे: एकाच शाखेत सर्टिफिकेटचं लॉगिन अडकतंय, नॅक सर्व्हरवर हाताशी फक्त टर्मिनल आहे

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे नेटवर्कमध्ये कोणाला घ्यायचं आणि कोणाला नाही हे ठरवणारा नॅक सर्व्हर मी सांभाळतो. डेबियनवर पॅकेटफेन्स आहे, म्हणजे आत फ्रीरेडिअस, लॉगिनच्या विनंत्या तपासणारा रेडिअस सर्व्हर. सर्व्हर मुख्य कार्यालयात, शाखा आयपीसेकच्या एन्क्रिप्टेड टनेलने जोडलेल्या, आणि सगळ्या स्विचपोर्टवर ८०२.१एक्स चालू, म्हणजे ओळख पटल्याशिवाय पोर्ट उघडत नाही. ऑफिसच्या लॅपटॉपवर सर्टिफिकेट आहे, ते ईएपी-टीएलएसने येतात. ज्यांचं सर्टिफिकेट अजून व्हायचंय ते पीईएपीने, म्हणजे युजरनेम-पासवर्ड देऊन. प्रिंटर आणि फोन मॅक अ‍ॅड्रेसवर सोडलेत.

अडचण अशी आहे. एका शाखेत सर्टिफिकेटवाला एकही लॅपटॉप आत येत नाही. त्याच स्विचच्या त्याच पोर्टला पासवर्डवाला लॅपटॉप लावला तर लगेच येतो. न येणारा लॅपटॉप मुख्य कार्यालयात नेऊन लावला तर तोही लगेच येतो. बाकी शाखांत दोन्ही प्रकार व्यवस्थित चालतात. शिवाय अधूनमधून त्या शाखेतले प्रिंटरसुद्धा काही मिनिटं बाहेर फेकले जातात आणि मग आपोआप परत येतात. याचा लॅपटॉपशी काही संबंध आहे की नाही, तेही कळत नाहीये.

वेब पॅनेल फक्त मॅनेजमेंट व्हीलॅनमधून उघडतं आणि मी तिथे बसत नाही. मला जंप सर्व्हरवरून एसएसएच मिळतं, रूट आहे, बस. त्यामुळे उत्तरं कृपया टर्मिनलवर करता येतील अशीच द्या. सर्व्हर सगळ्या शाखांना पुरवतो, म्हणून रेडिअस थांबवून डीबग मोडमध्ये चालवणं दिवसा शक्य नाही.

आतापर्यंत पाहिलेलं सांगतो. पॅकेटफेन्सच्या पीएफसीएमडी कमांडने सर्व्हिसची स्थिती बघितली, सगळ्या चालू. त्यातच चेकअप चालवलं, तक्रार नाही. नोड व्ह्यूमध्ये त्या लॅपटॉपचा मॅक रजिस्टर्ड आहे, रोलही बरोबर. ओपनएसएसएलने सर्व्हरच्या आणि सीएच्या (सर्टिफिकेटवर सही करणाऱ्याच्या) सर्टिफिकेटच्या तारखा काढल्या, मुदत भरपूर शिल्लक आहे. क्रॉनीसी ट्रॅकिंगमध्ये घड्याळ बरोबर. शाखेतल्या एका लिनक्स मशिनवरून रेडटेस्ट, म्हणजे रेडिअसची चाचणी कमांड, चालवली, अ‍ॅक्सेस-अ‍ॅक्सेप्ट आलं.

रेडिअसच्या लॉगमध्ये मात्र प्रत्येक वेळी एकच इशारा येतो: ईएपी सेशन पूर्ण झालं नाही, सर्टिफिकेट कम्पॅटिबिलिटीचं पान वाचा. मी ते पान वाचलं, त्यातला एकेक मुद्दा तपासला. सर्टिफिकेटमध्ये खोट दिसत नाही, आणि असती तर तोच लॅपटॉप मुख्य कार्यालयात कसा चालला असता?

वरून आता दबाव आहे की त्या शाखेत ८०२.१एक्स बंद करून पोर्ट उघडे ठेवा, लोकांची कामं खोळंबलीत. ते मला अजिबात करायचं नाही. तिथे बाहेरची माणसं दिवसभर ये-जा करतात आणि भिंतीवरचे सॉकेट कोणाच्याही हाताला लागतात. एकदा उघडलेले पोर्ट पुन्हा बंद करायला कोणी परवानगी देत नाही, हे आपण सगळे जाणतो. म्हणून घाईने विचारतोय: सर्व्हर न थांबवता, नुसत्या कमांड लाइनवरून, संवाद नेमका कुठे तुटतो हे कसं पकडू?

प्रतिसाद १:

रेडटेस्टवर विसंबू नका. ती साधा पीएपी पासवर्ड पाठवते, ईएपी-टीएलएसच्या वाटेला जातच नाही. शेअर्ड सीक्रेट बरोबर आहे आणि पोर्ट १८१२ पोहोचतोय, एवढंच तिच्यावरून कळतं. आणि हो, रेडटेस्टला सीक्रेट कमांडमध्येच द्यावं लागतं, ते शेलच्या हिस्टरीत बसतं. तेवढी ओळ काढून टाका.

थेट डीबगसाठी सर्व्हर थांबवायची गरज नाही. रेडडीबग वापरा. चालू सर्व्हरच्या कंट्रोल सॉकेटला जोडून तीच माहिती देतं, आणि आय पर्यायाने फक्त त्या स्विचचा आयपी गाळता येतो, म्हणजे बाकी शाखांचा गोंधळ स्क्रीनवर येत नाही. मात्र वेळ स्वतः द्या. काही सांगितलं नाही तर ते ६० सेकंदांत बंद होतं आणि माणसाला वाटतं काही आलंच नाही. टी पर्यायाला ३०० द्या आणि मग शाखेत केबल काढून लावायला सांगा.

धागाकर्ता:

आभारी आहे. हिस्टरी साफ केली. रेडडीबग लावून बघितलं, आता चित्र बरंच स्पष्ट आहे. लॅपटॉपची ओळख येते, सर्व्हर टीएलएस सुरू करतो, क्लायंट हॅलो येतो, सर्व्हर आपलं सर्टिफिकेट तुकड्या-तुकड्यांनी पाठवतो, प्रत्येक तुकड्याची पोच येते. शेवटचा तुकडा जातो आणि त्यानंतर पूर्ण शांतता. नकार नाही, एरर नाही. थोड्या वेळाने तोच सेशन अपूर्ण राहिल्याचा इशारा. म्हणजे लॅपटॉपने स्वतःचं सर्टिफिकेट पाठवायची वेळ आली की तो गप्प होतो. लॅपटॉपमध्येच दोष म्हणावा तर मुख्य कार्यालयात तो बोलतो.

येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारा टीसीपीडम्पसुद्धा लावला होता, पोर्ट १८१२ चा फिल्टर देऊन. त्यात काही वेगळं दिसलं नाही.

प्रतिसाद २:

टनेल आहे म्हणताय तर एमटीयूचा, म्हणजे पॅकेटच्या कमाल आकाराचा, घोळ असणार. स्विचवर एमटीयू कमी करून बघा, किंवा फायरवॉलवर एमएसएस क्लॅम्प (पॅकेटचा आकार आवळणारं सेटिंग) लावा. फ्रीरेडिअसच्या ईएपी मॉड्यूलमध्ये फ्रॅगमेंट साइज, म्हणजे तुकड्याचा आकारही कमी करता येतो.

प्रतिसाद ३:

वरच्यांचा रोख बरोबर आहे, पण तिन्ही उपाय इथे लागू पडणार नाहीत. कारण जरा सविस्तर लिहितो, कारण हाच प्रकार अनेकांचा वेळ खातो.

ईएपी-टीएलएस मोठा संदेश स्वतः तुकडे करून पाठवतो. सर्व्हरकडून जाणारे तुकडे फ्रीरेडिअसच्या मूळ कॉन्फिगमध्ये १०२४ बाइटचे असतात, त्यामुळे ते टनेलमधून सुखरूप जातात. तुम्हाला पोच मिळतेय ती त्यामुळेच. लॅपटॉप मात्र आपले तुकडे स्वतःच्या मापाने करतो. डब्ल्यूपीए-सप्लिकंट, म्हणजे लॅपटॉपच्या बाजूने हे लॉगिन करणारा प्रोग्राम, हे माप १३९८ धरतो. त्याला बिचाऱ्याला पुढे टनेल आहे हे माहीतच नसतं, तो आपल्या आणि स्विचमधल्या इथरनेटचा हिशेब करतो.

आता तो १३९८ बाइटचा ऐवज स्विच रेडिअसच्या पॅकेटमध्ये भरतो. रेडिअसच्या एका अ‍ॅट्रिब्यूटमध्ये जास्तीत जास्त २५३ बाइट मावतात, म्हणून त्याचे सहा भाग, प्रत्येकामागे २ बाइट जादा. वर २० बाइटचं रेडिअस हेडर, युजरनेम, स्विचचा आयपी, मॅक अ‍ॅड्रेस, स्टेट, १८ बाइटचं मेसेज-ऑथेंटिकेटर. त्यावर यूडीपी आणि आयपीचे २८. बेरीज १५०० च्या पुढे जाते. रेडिअसला त्याची अडचण नाही, त्याची मर्यादा ४०९६ आहे. मग आयपी त्या पॅकेटचे दोन तुकडे करतो आणि तिथे घात होतो: पोर्ट नंबर फक्त पहिल्या तुकड्यात असतो. पोर्ट १८१२ सोडा एवढाच नियम असलेली फायरवॉल पहिला तुकडा सोडते आणि दुसरा टाकून देते. अर्धं पॅकेट कर्नल पुढे देत नाही, म्हणून फ्रीरेडिअसला काहीच दिसत नाही आणि लॉग सर्टिफिकेटकडे बोट दाखवतो.

पासवर्डवाल्या पीईएपीत क्लायंटला सर्टिफिकेट पाठवायचं नसतं, त्याची सगळी पॅकेटं लहान. म्हणून ते चालतं.

सर्व्हरचा फ्रॅगमेंट साइज कमी केलात तर जाणारे तुकडे लहान होतील, येणाऱ्यांवर परिणाम शून्य. एमएसएस क्लॅम्प टीसीपीसाठी असतो, हे यूडीपी आहे. आणि स्विचचा एमटीयू कमी केला तर तुकडे उलट वाढतील.

तुमच्या टीसीपीडम्पला दिसलं नाही याचंही कारण तेच. फिल्टरमध्ये पोर्ट १८१२ दिलात की पुढचे तुकडे गाळले जातात, कारण त्यांच्यात पोर्टच नाही. पोर्ट काढून नुसता होस्ट आणि स्विचचा आयपी द्या, सोबत व्ही पर्याय. पहिल्या तुकड्यासमोर फ्लॅग्जच्या चौकटी कंसात अधिकचं चिन्ह दिसेल, ऑफसेट शून्य. त्याच आयडीचा पुढचा तुकडा, शून्याहून मोठ्या ऑफसेटचा, येतो का बघा. दुसऱ्या विंडोत एनस्टॅटला ए आणि झेड पर्याय देऊन रीअसम नावाचे काउंटर काढा. तुकडे जोडायचे राहून गेले की रीअसम-फेल्स वाढतो. लिनक्स उरलेल्या तुकड्याची ३० सेकंद वाट बघतं, तेव्हा काउंटर तेवढ्या उशिराने हलेल.

प्रिंटरचंही उत्तर यातच असावं. स्विचला मोठ्या विनंतीचं उत्तर मिळत नाही, तो तीच पुन्हा पुन्हा पाठवतो आणि शेवटी रेडिअस सर्व्हर मेला असं ठरवून टाकतो. त्या काळात ज्या प्रिंटरची पुन्हा पडताळणी येते तो बिनकारण बाहेर. स्विचच्या लॉगमध्ये सर्व्हर डेड झाल्याच्या आणि परत आल्याच्या नोंदी शोधा आणि वेळा जुळवा.

धागाकर्ता:

अगदी शब्दशः तसंच आहे. पहिला तुकडा येतो, अधिकचं चिन्ह आहे, ऑफसेट शून्य, आणि त्या आयडीचं पुढे काहीच नाही. तोच प्रयोग दुसऱ्या शाखेच्या स्विचवर केला तर तुकडे तिथेही होतात, पण सगळे पोहोचतात. रीअसम-फेल्स या शाखेतून प्रयत्न झाला की अर्ध्या मिनिटाने वाढतो. स्विचवर डेडच्या नोंदीही सापडल्या आणि प्रिंटर बाहेर पडल्याच्या वेळा त्यांच्याशी जुळतात. खरंच मनापासून आभार.

आता पेच असा की फायरवॉल दुसऱ्या टीमकडे आहे. त्यांचं म्हणणं, पोर्ट १८१२ उघडा आहे, पासवर्डवाले येतायत, म्हणजे आमच्याकडे काही नाही. काउंटरचे आकडे दाखवले तर म्हणाले, तो तुमच्या सर्व्हरचा आकडा. त्यांना पटेल असं काय दाखवू?

प्रतिसाद १:

एकच गोष्ट बदलून दोन निकाल दाखवा, वाद उरत नाही. शाखेतल्या लिनक्स मशिनवर ईएपीओएल-टेस्ट चालवा. ती लॅपटॉप आणि स्विच दोघांचंही काम स्वतः करते, थेट सर्व्हरशी रेडिअस बोलते. चाचणीसाठी वेगळं सर्टिफिकेट काढून कॉन्फिगमध्ये घाला आणि फ्रॅगमेंट साइज ६०० ठेवून चालवा. मग तीच फाइल, फ्रॅगमेंट साइज १३९८. पहिलं यशस्वी झालं आणि दुसरं टाइमआउट झालं तर सर्टिफिकेट, सर्व्हर, सीक्रेट, पोर्ट सगळे सुटले, फक्त आकार उरला. त्या मशिनचा आयपी आधी सर्व्हरवर स्विच म्हणून नोंदवायला विसरू नका, नाहीतर अनोळखी क्लायंट म्हणून विनंती टाकून दिली जाईल. तो शाखेच्या स्विचेसच्याच सबनेटमधला घ्या, म्हणजे नियमही तोच लागेल.

जोडीला पिंग. एम डू (तुकडे करू नका असं सांगणारा पर्याय) आणि आकार १४७२, हा पूर्ण १५०० चा पॅकेट झाला, टनेलमधून जाणार नाही. कमी करत करत कुठे जातो तो आकडा टिपा. मात्र पिंगचे तुकडे गेले म्हणून यूडीपीचेही जातील असं धरू नका, फायरवॉलचे नियम दोघांना वेगळे असू शकतात.

प्रतिसाद ३:

आणि त्यांच्याकडे मागणी नेमकी करा. सगळे तुकडे सोडा म्हटलं तर कुठलीही सुरक्षा टीम नकार देईल, आणि तो योग्यच असेल. तपासण्याआधी तुकडे जोडून घ्या, आणि तेही स्विचेसचा मॅनेजमेंट सबनेट ते नॅक सर्व्हर एवढ्याच मार्गावर, असं लिहून द्या. बाकीच्या शाखांच्या फायरवॉल बहुधा हेच करतायत.

धागाकर्ता:

दोन्ही निकाल मेलमध्ये शेजारी-शेजारी लावून पाठवले. ६०० ला यश, १३९८ ला टाइमआउट, बाकी कॉन्फिग अक्षरशः तेच. या वेळी त्यांनी फोनवर माझ्यासोबत बसून बघितलं. त्या शाखेत फायरवॉल बदलली तेव्हा नियम नव्याने लिहिले गेले होते आणि तुकडे जोडून तपासायचं सेटिंग बंद राहिलं होतं. फक्त या मार्गापुरतं चालू केलं. सर्टिफिकेटवाले लॅपटॉप आत आले. रीअसम-फेल्स हलत नाहीये, रीअसम-ओकेज वाढतोय. पोर्ट उघडे करायची मागणीही मागे घेतली गेली, त्याचा सगळ्यात जास्त आनंद आहे.

चाचणीचं मशिन स्विचच्या यादीतून काढलं, कॉन्फिगरीलोड केलं आणि चाचणीचं सर्टिफिकेट रद्द केलं. रीअसमचे काउंटर आता मॉनिटरिंगमध्ये घातलेत.

एक शंका राहिली. पुढे असं होऊच नये म्हणून रेडसेककडे, म्हणजे टीएलएसमधून जाणाऱ्या रेडिअसकडे, जावं का?

प्रतिसाद ३:

स्विच घेत असतील तर जरूर. रेडसेक टीसीपीवर चालतं, पोर्ट २०८३, २०१२ च्या आरएफसी ६६१४ मध्ये आहे. टीसीपी आकार स्वतः सांभाळतो, तुकड्यांचा प्रश्नच मिटतो, शिवाय टनेलच्या बाहेरही मजकूर झाकलेला राहतो. पण प्रत्येक स्विचला स्वतःचं सर्टिफिकेट लागेल आणि त्याच्या मुदती तुम्हालाच सांभाळाव्या लागतील. आधी एकाच शाखेत करून बघा, आणि तिथे जुना यूडीपीचा मार्ग दुय्यम सर्व्हर म्हणून ठेवा.

तोवर सर्टिफिकेट लहान करण्याकडे बघा. आरएसएऐवजी पी-२५६ च्या ईसीडीएसए किल्ल्या घेतल्यात आणि लॅपटॉप मधल्या सीएचं सर्टिफिकेट सोबत पाठवत नसेल, तर पुष्कळदा सगळा ऐवज एकाच लहान पॅकेटमध्ये बसतो. पण मधला सीए सर्व्हरच्या विश्वासू यादीत असल्याची खात्री केल्याशिवाय साखळी तोडू नका, नाहीतर सगळ्याच शाखा एकदम बाहेर.

धागाकर्ता:

मधला सीए सर्व्हरवर आहे, आत्ताच ओपनएसएसएल व्हेरिफायने तपासलं. नव्या सर्टिफिकेटचा टेम्पलेट पी-२५६ ने करून चाचणीच्या लॅपटॉपवर घालतो आणि टीसीपीडम्पमध्ये पॅकेट केवढं भरतं ते इथेच लिहितो. स्विचेसच्या फर्मवेअरमध्ये रेडसेक आहे का, त्याची विचारणा पाठवली आहे.