मदत हवी आहे: स्वादुपिंडाचा जुना आजार, कॅप्सूल आणि इन्सुलिन

बाबांना (वय ६२) क्रॉनिक पॅन्क्रिआटायटिस आहे. चरबी पचवणारं लायपेज हे एन्झाइम कमी पडतं म्हणून पॅन्क्रिआटिनच्या (पाचक एन्झाइमच्या) कॅप्सूल, शिवाय जेवणाआधी इन्सुलिन. दारू-तंबाखू नाही. जेवणानंतर कॅप्सूल घ्यायचे तेव्हा शौचाला तेलकट, तरंगणारं व्हायचं; पहिल्या घासाबरोबर घेतल्यापासून बराच फरक आहे. तूप-तेल बंद करून पाहिलं तर वजनच उतरलं, म्हणून डॉक्टरांनी पुन्हा सुरू करायला सांगितलं.

खरी काळजी साखरेची. या आजारात ग्लुकागॉन, म्हणजे रक्तातली साखर वाढवणारं संप्रेरकही कमी बनतं, त्यामुळे ती एकदम ७० च्या खाली जाते. त्यात बाबा फार सावकाश जेवतात, कधी अर्धी भाकरी ताटातच राहते. डोस डॉक्टरांना विचारूनच बदलू.

ज्यांच्या घरी हे दोन्ही चालू आहे, त्यांनी कृपया सांगा: कॅप्सूल निम्म्या सुरुवातीला, निम्म्या जेवताना मध्येच देता का? आणि इन्सुलिन घेतल्यावर जेवण अर्धवट राहिलं तर लगेच काय देता?