मदत हवी आहे: सगळ्या विषयांत मुलांना विचार करायला शिकवायचंय, सुरुवात कुठून करू?

रानजाई
तातडीची मदत हवी आहे. मोठ्या बाईंनी कालच्या सभेत जाहीर केलं की या सत्रापासून प्रत्येक विषयशिक्षकाने चिकित्सक विचार आणि समस्या सोडवण्याचं कौशल्य शिकवायचं आणि टाचणात (धड्याच्या आखणीच्या नोंदीत) त्याचा वेगळा रकाना भरायचा. शनिवारी सगळ्यांच्या वतीने आराखडा मला द्यायचाय. वेगळी तासिका मिळणार नाही. नेटवर शोधलं तर सगळीकडे ब्लूमची, विचार करण्याच्या पायऱ्यांची तीच रंगीत उतरंड. उद्या वर्गात जाऊन काय करू, ते सांगा. धोरण नको, ते वाचून झालंय.

पाटीपेन्सिल
इयत्ता कोणती? माध्यम? बोर्ड? पट किती? तुमचा स्वतःचा विषय कोणता? यातलं काहीच लिहिलं नाहीत. तिसरीला जे चालेल ते नववीला नाही चालणार.

गणोबा
बुद्धिबळ. मी दादरला मुलांना शिकवतो. सुरुवातीला समोर दिसलं की मारणारी पोरं काही महिन्यांत हात मागे बांधून पट बघायला लागतात. आठवड्यातला खेळाचा एक तास त्याला द्या, बाकी विषय आपोआप सुधारतील.

बोरकूट
गणोबा, शेवटच्या वाक्याशी पूर्ण असहमत. पटावर चार चाली पुढचं बघणारा मुलगा इतिहासाच्या पेपरात तसाच विचार करतो असं होत नाही. डॅनियल विलिंगहॅम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने २००७ मध्ये यावर लेख लिहिला होता. त्याचा मुद्दा असा की विचार करणं त्या त्या विषयाच्या माहितीला चिकटलेलं असतं. ज्या गोष्टीबद्दल मुलाला काही ठाऊकच नाही, तिच्याबद्दल तो चिकित्सा कशी करणार? म्हणून वेगळी तासिका नाही हे रानजाईंच्या पथ्यावरच पडलंय. धड्यातूनच करा.

गणोबा
मी तीच पोरं वर्षानुवर्षं बघतोय. एकाग्रता वाढते की नाही?

बोरकूट
वाढत असेल. प्रश्न एकाग्रतेचा नव्हता.

माटुंगा_रोड
डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेला बसवा सगळ्यांना. माझ्या मुलाला त्याच्या प्रकल्पामुळे जी सवय लागली ती शाळेने दहा वर्षांत लावली नसती. स्वतः निरीक्षण करायचं, नोंदी ठेवायच्या, मग मुलाखतीत कोणी उलटसुलट विचारलं तरी उत्तर द्यायचं.

पाटीपेन्सिल
ती सहावी आणि नववीसाठीच असते. यांची इयत्ता अजून कळलेली नाही.

चिऊची_आई
यावरून आठवलं, मुलगी तिसरीत आहे. विचारशक्तीसाठी स्टेट बोर्डातून सीबीएसईला टाकावी का? ठाण्यात चांगल्या शाळा सुचवा.

आजोबा_गिरगाव
बोर्डाने काही होत नाही हो ताई. आमचे भूमितीचे गुरुजी प्रमेय फळ्यावर अर्धवट सोडून खिडकीशी जाऊन उभे राहायचे. पुढची पायरी कोणी सांगेपर्यंत हलायचे नाहीत. आज शिक्षकाला तेवढा वेळ कुठे? मतदार याद्या, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरा. त्यातून उरलेल्या वेळात शिकवायचं.

रानजाई
सातवी. सेमी. स्टेट बोर्ड. पट ६२. तासिका ३५ मिनिटांची, त्यातली पाच हजेरीत जातात. माझा विषय भूगोल. शाळा कुर्ल्याच्या बाजूला, बरीच मुलं मिठी नदीच्या आसपास राहतात.

खरी अडचणही सांगते. मुलं हुशार आहेत. पण "असं का होत असेल?" विचारलं की वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरून प्रश्न येतो, "बाई, हे परीक्षेला आहे का?" नाही म्हटलं की वह्या बंद. आहे म्हटलं की गाईड उघडतं आणि त्यातलं वाक्य एका सुरात वाचून दाखवतात. ते वाक्य बरोबर असतं! त्यामुळे पुढे काय विचारावं तेच सुचत नाही.

बोरकूट
आता बोलता येईल. पुढचा प्रश्न एकच आणि प्रत्येक विषयात तोच ठेवा: "हे कशावरून?" गाईडमधलं उत्तर दिलं तरी हरकत नाही, ते कशावरून ते सांग. जॉर्ज पोल्या या गणितज्ञाने १९४५ मध्ये गणितासाठी चार टप्पे सांगितले: प्रश्न समजून घ्या, आखणी करा, ती अमलात आणा, मागे वळून तपासा. आपल्या शाळांत तिसराच टप्पा चालतो. पहिला गाईड करतं, दुसरा शिकवणीचे सर करतात, चौथा कोणीच करत नाही. "कशावरून" विचारलं की निदान चौथा सुरू होतो.

खाडीकाठ
निवृत्त शिक्षिका आहे, भूगोल आणि गणित दोन्ही शिकवलं. रानजाई, तुमच्या दाराशी प्रश्न पडलाय. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी कुलाब्याला ७३. मध्ये अंतर वीसेक किलोमीटर. फळ्यावर फक्त हे दोन आकडे लिहा आणि विचारा, "त्या दिवशी मुंबईत किती पाऊस पडला?" मुलं सरासरी काढतील, ५०८.५. तिथे थांबायचं. बरोबर-चूक काही बोलायचं नाही. मग विचारायचं, हा ५०८.५ पाऊस नेमका कुठे पडला?

गणिताच्या शिक्षकांना पुढचा धागा द्या. एक चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. शाळेची गच्ची मोजा आणि ९४४ मिमीने किती लिटर झाले ते काढा. साध्या २०० चौरस मीटरच्या गच्चीवर १,८८,८०० लिटर होतात. ते गेलं कुठे, भरतीच्या वेळी गटाराचं पाणी समुद्रात का शिरत नाही, इथून तुमचा भूगोल सुरू. इतिहासासाठी घरच्या मोठ्यांना विचारून यायचं, पाणी कुठपर्यंत आलं होतं. दोन घरांच्या हकिकती जुळल्या नाहीत तर कोणती धरायची आणि का, यावर वाद घालू द्या.

आणि एक. सेमीत गणित-विज्ञान इंग्रजीत असतं, तिथे मुलं गप्प बसतात कारण त्यांना वाक्य जुळवता येत नाही. वाद मराठीत घालू द्या, लिहायचं तेवढं इंग्रजीत.

पाटीपेन्सिल
६२ मुलांत वाद? बाजूच्या वर्गातून तक्रार येईल.

खाडीकाठ
बाकाबाकावर जोडीने बोलायचं, दोन मिनिटं. मग फक्त चार जोड्यांना विचारायचं, हात वर केलेल्यांना नाही, आपण निवडून.

रानजाई
आज केलं. लगेच लिहितेय.

निम्म्या वर्गाने ५०८.५ काढून खाली दोन रेघा मारल्या आणि पेन ठेवलं. "कुठे पडला?" विचारल्यावर हसले. मग एक मुलगी, जी एरवी बोलत नाही, ती म्हणाली, "बाई, उत्तर बरोबर आहे पण तेवढा पाऊस कुठेच नाही पडला." त्यावर एक मुलगा उठला, "कुलाब्याचं यंत्र बिघडलं नव्हतं कशावरून?" मी त्याला शब्द शिकवला नव्हता, माझ्याच तोंडून ऐकून उचलला. मग यंत्र बिघडलंय की नाही ते कसं तपासायचं यावरच तासिका संपली. परीक्षेला आहे का, हे आज कोणी विचारलं नाही. धडा मात्र अर्धाच झाला, हेही लिहिते.

बोरकूट
त्या मुलाच्या शंकेचं उत्तर लगेच देऊन टाकू नका. आजूबाजूच्या केंद्रांचे आकडे बघायचे, हे त्यालाच सुचू दे.

पाटीपेन्सिल
मग अभ्यासक्रम कधी पुरा करायचा? दर धड्याला हे शक्य नाही.

खाडीकाठ
दर धड्याला करायचंच नाही. घटकाला एक प्रश्न, पण तो नीट. टाचणाच्या रकान्यातही फक्त तो प्रश्न लिहा. कौशल्यांची नावं लिहीत बसू नका.

रानजाई
हे पटलं. आराखडा असाच करते, प्रत्येक विषयाला घटकामागे एक प्रश्न. गणित, भूगोल झाले. इतिहासाचे सर म्हणतात, सनावळ्यांत कसली चिकित्सा? आणि विज्ञानाच्या बाईंना काय देऊ?

माटुंगा_रोड
सरांना रेल्वे द्या. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर. त्या प्रवासाला काही ठिकाणी ५७ मिनिटं लागल्याचं लिहिलेलं सापडतं, काही ठिकाणी सव्वा तास. दोन्हींवरून वेग काढा, एक ताशी जवळपास ३६ किमी येतो, दुसरा २७. मग मुलांना विचारा, फरक कशामुळे असेल, आणि ठरवायला कोणता कागद शोधाल? सनावळी तीच, काम वेगळं.

बोरकूट
विज्ञानासाठी: पंख्याने हवा थंड होते का? सगळे हो म्हणतील. आधी अंदाज वहीत लिहून घ्या, नंतर बदलता येणार नाही असा पेनने. दोन तापमापक पंख्यासमोर, एक कोरडा, दुसऱ्याच्या फुग्याला ओला कापूस. कोरड्याचा पारा तापमान कमी झाल्याचं दाखवत नाही, ओल्याचा उतरतो. का, ते घामावर येईपर्यंत मुलांनाच बोलू दे. पावसाळ्यात एकदा आणि ऑक्टोबरनंतर कोरड्या दिवशी एकदा करा, पारा किती उतरला त्यातला फरक दिसेल. तापाचा थर्मामीटर घेऊ नका, तो ३५ अंशांच्या खाली वाचत नाही.

रानजाई
प्रयोगशाळेत दोन तापमापक आहेत, एकाचे आकडे पुसट झालेत. उद्या मधल्या सुट्टीत आधी बाईंबरोबर करून बघते, मगच आराखड्यात घालते. भाषेसाठी, विशेषतः हिंदीसाठी, कोणाकडे असा एक प्रश्न असेल तर शुक्रवारपर्यंत टाका.