पिक्सेल आर्टमधली पात्रं सुधारायची तर आधी शरीररचना शिकावी, की सरळ १६ × १६ च्या चौकटीतच काढत राहावं?

चौकट१६

गेमसाठी पात्रं काढणाऱ्या कुणीही "माझं काम पुढे सरकत नाहीये" असं म्हटलं की ठरलेला सल्ला मिळतो : आधी कागदावर माणसं काढायला शिका, हाडं-स्नायू समजून घ्या, मग पिक्सेलकडे वळा. हा क्रमच मला पटत नाही. कित्येक उत्साही लोक या सल्ल्यापायी कागदावरच अडकतात आणि त्यांचा गेम सुरूच होत नाही.

१६ × १६ म्हणजे सगळे मिळून २५६ पिक्सेल, म्हणजे चित्राचे चौकोनी ठिपके. त्यात हात दोन पिक्सेल जाड आणि चेहरा जेमतेम सहा-सात पिक्सेल रुंद. दंडाचा स्नायू कुठे सुरू होतो ते तोंडपाठ असलं तरी दाखवायला जागा कुठे आहे? इथले प्रश्नच वेगळे आहेत. डोळा एका पिक्सेलचा करायचा की दोन उभ्या पिक्सेलचा? मान ठेवायची की डोकं थेट खांद्यांवर बसवायचं? हात धडाला चिकटलेला दिसू नये म्हणून मध्ये गडद रेघ घ्यायची, की बाहीचा रंगच बदलायचा?

१९८१ च्या 'डाँकी काँग'मधला मारिओ पाहा. त्याचे निर्माते शिगेरू मियामोतो यांनी त्याच्या रूपामागची कारणं अनेकदा सांगितली आहेत. केस काढायला लागू नयेत म्हणून टोपी आली. तोंड दाखवायला जागा नव्हती, म्हणून मोठं नाक आणि त्याखाली मिशी. धावताना हात धडापासून वेगळे दिसावेत म्हणून डंगरी. जगातलं सगळ्यात ओळखीचं गेमपात्र घडलं ते चौकटीच्या अडचणींतून.

म्हणून माझं म्हणणं असं : चौकट लहान ठेवा, रंग चारच घ्या आणि एकाच पात्राची भरपूर रूपं काढा. प्रत्येक रूप सबंध काळं करून बघा. नुसत्या काळ्या आकारावरून जादूगार कोण आणि सैनिक कोण हे कळत नसेल, तर आतले तपशील कितीही सुबक असले तरी उपयोग नाही. आणि आठपट मोठं करून बघत बसू नका, खेळताना दिसेल त्याच आकारात बघा.

रेखाटनवही

ठाम असहमत. मारिओचं उदाहरण पात्र 'कसं ओळखू येईल' याचं आहे. पात्र 'कसं उभं आहे' हा प्रश्न त्यात येतच नाही आणि नवख्यांचं काम तिथेच फसतं. सुरुवातीची शंभर पात्रं पाहिलीत तर बहुतेक समोर तोंड करून, दोन्ही पाय समांतर, हात बाजूला लोंबकळत उभी असतात. त्यांत जीव नसतो.

तो जीव आणायला फार पिक्सेल लागत नाहीत. वजन एका पायावर टाका : त्या बाजूचं कंबरेचं टोक एक पिक्सेल वर, त्याच बाजूचा खांदा एक पिक्सेल खाली. दोनच पिक्सेल हलले आणि पात्र बेफिकीर वाटायला लागलं. पण नेमके हेच दोन हलवायचे हे कुठून कळणार? माणसं बघून, अर्ध्या मिनिटात एक अशी भराभर रेखाटनं केल्यावरच. मी 'स्नायूंची नावं पाठ करा' म्हणतच नाही. शरीराचा झोक पकडायला शिका म्हणते.

दुसरं, सगळा खेळ १६ × १६ चा नाही. १९९६ चा 'मेटल स्लग' बघा. त्यातले सैनिक दचकतात, शेकोटीपाशी बसतात, हसतात. ते काम आकाराची समज असलेल्या हातांचं आहे. ज्यांना घनाकार कळत नाही ते कडेपासून मध्यापर्यंत गोलगोल उजळत जातात, ज्याला पिलो शेडिंग म्हणतात. मग चेहरा, पोट, ढाल सगळं एकसारखं फुगीर दिसतं, कारण उजेड कुठून येतोय हे ठरलेलंच नसतं. ही चूक आणखी पाचशे छोटी पात्रं काढून सुटत नाही.

चौकट१६

झोकाचा मुद्दा मान्य, पण तो पिक्सेलमध्येच शिकता येतो असं मला वाटतं. १९८९ च्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया'साठी जॉर्डन मेकनर यांनी आपल्या धाकट्या भावाला धावताना, उड्या मारताना चित्रित केलं आणि त्या चित्रणातल्या फ्रेमवरून, म्हणजे एकेका स्थिर चित्रावरून, हालचाली उतरवल्या. निरीक्षण लागतंच, वाद नाही. मात्र ते थेट त्या छोट्या आकारात उतरवण्याचा सराव हवा. कागदावर सुंदर झोक पकडणारी, पण तोच चौकटीत आणताना गोंधळणारी माणसं मी पाहिली आहेत. मोठं चित्र लहान करून पिक्सेल आर्ट होत नाही.

धावचित्र

तुम्ही दोघंही उभ्या पात्रावर भांडताय. गेममधलं पात्र बहुतेक वेळ हलत असतं, आणि खेळणारा त्याला हालचालीवरून ओळखतो.

चालण्याच्या चक्रात मुख्य अवस्था चार : पाऊल टेकणं, शरीर खाली दबणं, एक पाय दुसऱ्याला ओलांडणं, शरीर वर उचलणं. लहान पात्राला एवढ्याही लागत नाहीत. पाऊल पडताना डोकं एक पिक्सेल खाली आणि पाय ओलांडताना पुन्हा वर, एवढ्यानेही चाल वाटते. डोकं हललंच नाही, तर पाय कितीही छान काढा, पात्र घसरत चालल्यासारखं दिसतं. मी तर म्हणेन, नवख्याने पहिल्याच आठवड्यात दोन फ्रेमचं श्वास घेणारं पात्र करावं. साधं उभं पात्र, दुसऱ्या फ्रेममध्ये छाती आणि डोकं एक पिक्सेल खाली. आपलं पात्र पहिल्यांदा हललेलं बघण्यातला आनंद दुसऱ्या कशात नाही, आणि त्या आनंदावरच पुढचा कंटाळवाणा सराव निभतो.

इथे चित्रकलेच्या वर्गात न शिकवली जाणारी एक गोष्ट येते. ॲनिमेशनचा नियम सांगतो की उडीआधी शरीर खाली दबलं पाहिजे. पण गेममध्ये बटण दाबल्यावर पात्र चार-पाच फ्रेम दबूनच राहिलं, तर खेळणाऱ्याला ते जड, उशिरा ऐकणारं वाटतं. म्हणून आधीचा दाब एका फ्रेमपुरता किंवा अजिबात नाही, आणि तोच जोर जमिनीवर उतरल्यावर दाखवायचा. तलवारीचंही तसंच : वार झटकन, आणि वार झाल्यानंतरची मुद्रा थोडी जास्त वेळ धरून ठेवायची. डोळ्याला ताकद तिथे दिसते. हे कागदावर कळणार नाही आणि स्थिर १६ × १६ मध्येही नाही. पात्र गेममध्ये टाकून बटण दाबूनच कळतं.

नवशिकी

मी ६४ × ६४ मध्ये काढते. कडा खडबडीत येतात आणि रंग मळकट वाटतात. इतकं वाचूनही कळेना, चौकट लहान करू की रेखाटन शिकू?

रेखाटनवही

तुमच्या दोन्ही तक्रारी शरीररचनेच्या नाहीत, त्यामुळे या वादात अडकू नका.

कडा : वक्र रेषेतले पिक्सेलचे तुकडे क्रमाने लहान होत गेले पाहिजेत. ५, ३, २, १, १ असं चाललं तर वळण गुळगुळीत दिसतं. मध्येच ३, १, ३ आलं की तिथे गाठ दिसते. आधी तुकड्यांची लांबी दुरुस्त करा, मधल्या छटेचे पिक्सेल लावून कड मऊ करायचं काम त्यानंतर. बहुतेक जण उलटं करतात आणि कड आणखी धुरकट होते.

रंग : तुम्ही बहुधा एकच रंग काळा मिसळत गडद आणि पांढरा मिसळत फिकट करत असाल. त्याऐवजी सावली निळ्या-जांभळ्याकडे झुकवा, उजेड पिवळ्याकडे. एका कापडाला तीन छटा पुरेत. आणि शेजारच्या दोन छटांमध्ये फरक ठळक ठेवा. डोळ्याला न कळणाऱ्या आठ छटांनीच मळकटपणा येतो.

चौकट१६

रंगांचं शंभर टक्के पटलं. पण ६४ × ६४ सोडा, हे मी पुन्हा सांगेन. तिथे ४०९६ पिक्सेल आहेत आणि धावण्याच्या आठ फ्रेम करायच्या तर ते सगळं आठदा सांभाळायचं. एकट्याने गेम करणाऱ्याचे महिने त्यातच जातात.

एकटा_गेमकर्ता

मी या सर्वांपेक्षा जुन्या गेमची पात्रं समोर ठेवून पिक्सेल-पिक्सेल उतरवण्याच्या बाजूचा आहे. प्रत्येक पिक्सेल तिथे का आहे हे हाताने ठेवतानाच कळतं. फक्त त्या यंत्राचे नियम माहीत करून घ्या. 'एनईएस'वर, म्हणजे निन्टेंडोच्या जुन्या गेमयंत्रावर, एका स्प्राइटला (पडद्यावर हलणाऱ्या छोट्या चित्राला) तीन रंग आणि चौथा पारदर्शक. 'मेगा मॅन'चा चेहरा निळ्या शरीरावर वेगळा स्प्राइट म्हणून बसवला, म्हणूनच त्याला जास्तीचे रंग मिळाले. हातात धरायच्या 'गेम बॉय'वर तर एकूण चारच छटा. हे ठाऊक नसेल तर आपण नाइलाजालाच शैली समजून बसतो.

आणखी एक इशारा. 'गेम बॉय' सोडला, तर ती चित्रं जुन्या काचेच्या टीव्हीसाठी होती, जिथे शेजारचे पिक्सेल एकमेकांत मिसळत. बुद्धिबळाच्या पटासारखे आलटून-पालटून ठेवलेले ठिपके तिथे मऊ छटा वाटत. आजच्या पडद्यावर तेच ठिपके खरखरीत दिसतात. लहान पात्राच्या चेहऱ्यावर तर ते टाळाच. आणि उतरवलेलं सरावाच्या वहीत राहू दे, स्वतःच्या गेममध्ये ते जाता कामा नये.

रेखाटनवही

उतरवण्याला माझा विरोध नाही, पण नुसतं उतरवणारा दुसऱ्याचे निर्णय पाठ करतो. नवीन मुद्रा काढायची वेळ आली की हात थांबतो. उतरवून झालं की तेच पात्र बसलेलं किंवा पाठमोरं काढून बघा. जमलं तर खरं शिकलात.

नवशिकी

३२ × ३२ वर आले आहे, श्वासाच्या दोन फ्रेम करून पाहिल्या. पात्र खरंच हललं! आता एक प्रश्न. तलवार उजव्या हातात आहे. डावीकडे वळल्यावर चित्र उलटं केलं की ती डाव्या हातात जाते. दोन्ही बाजू वेगळ्या काढू का?

धावचित्र

नको. जुन्या यंत्रांमध्ये स्प्राइट आडवा उलटवायची सोय हार्डवेअरमध्येच होती आणि जागा वाचायची म्हणून सर्रास तसंच करत. खेळणाऱ्याचं तिकडे लक्ष जात नाही. खटकतं ते एका डोळ्यावरची पट्टी, छातीवरचं अक्षर किंवा एकाच खांद्यावरचं चिलखत बाजू बदलतं तेव्हा. असं काही ठेवणार असाल तर आत्ताच ठरवा, कारण मग प्रत्येक हालचाल दोनदा काढावी लागेल.