पोकरमध्ये सेट लागल्यावर चेक कशाला?
"सेट लागला की फ्लॉपवर चेक करून समोरच्याला आत येऊ द्यावं" हे मत मला अजिबात पटत नाही. (सेट म्हणजे हातातली जोडी आणि टेबलावर तसंच तिसरं पान; फ्लॉप म्हणजे टेबलावर उघडलेली पहिली तीन पानं; चेक म्हणजे पैसे न लावता डाव पुढे देणं.) समोरचा टॉप पेअर (टेबलावरच्या सर्वांत मोठ्या पानाशी जुळलेली जोडी) धरून शेवटपर्यंत कॉलच करतो, म्हणजे आपल्या बेटइतके पैसे भरत राहतो, हे ठाऊक असेल, तर मोठी बेट लावा. पॉट (मधे जमलेले पैसे) १,०००चा धरा. फ्लॉप, टर्न (चौथं पान), रिव्हर (पाचवं पान) तिन्हीवर अर्धा पॉट लावला तर त्याच्याकडून ३,५०० येतात. पूर्ण पॉट लावला तर १३,०००! (दोघांचे स्टॅक, म्हणजे पुढ्यातले पैसे, तेवढे हवेत, अर्थात.) पॉकेट पेअरला (हातात आलेल्या जोडीला) फ्लॉपवर सेट जेमतेम १२ टक्के वेळा लागतो, म्हणून लागला की पुरेपूर वसूल करा.

मात्र हाच नुसता कॉल करणारा माणूस टर्नवर अचानक रेझ करतो (बेट वाढवतो), तेव्हा मी एक्क्यांची जोडीही टाकून देतो. गोव्यात एकदा टाकली नव्हती. समोरच्याकडे स्ट्रेट (ओळीने पाच पानं) होता, माझा सगळा स्टॅक गेला.