पोळीभाजी केंद्र, घरगुती डबे, पार्सल : ज्यांनी केलंय त्यांनी लिहा

जाऊबाई आणि मी मिळून पोळीभाजी केंद्र काढायचं म्हणतोय. सिंहगड रस्त्याला 110 चौरस फुटांचा गाळा बघून ठेवलाय. शेजारी किराणा, समोर दोन अभ्यासिका. बसून खायची सोय नाही, फक्त पार्सल. "तुमच्या हाताला चव आहे, चालणारच" असं आत्तापर्यंत निम्म्या नातेवाइकांनी सांगून झालंय, तेव्हा चवीबद्दल काही नको. ज्यांचं चाललं आणि ज्यांचं बुडालं, दोघांनीही हिशेबाचं लिहा. दुकानांची नावं, जाहिरात नको. पोळी म्हणायचं की चपाती, हाही वाद इथे नको.

कढीपत्ता

चिंचवडला 2016 ते 2021 पाच वर्षं केंद्र चालवलं, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी पोळीचा हिशेब. एक किलो कणकेत मध्यम आकाराच्या 32 पोळ्या होतात. तेव्हा गहू दळणासकट 35 रुपये किलो पडायचा, म्हणजे पोळीला कणीक 1 रुपया 10 पैसे. तेल आणि गॅस मिळून 1 रुपया. लाटायला येणाऱ्या मावशींना नगावर 2 रुपये. विकायची 7 रुपयांना. उरले 2 रुपये 90 पैसे. रोज 300 पोळ्या, महिन्याचे 26 दिवस, झाले 22,620. त्यातून गाळ्याचं भाडं 14,000 वजा करा. राहिले 8,620, आणि सकाळी सहापासून उभी असलेली मी त्यात कुठेच नाही! पहिले सात महिने मी याला नफा म्हणत होते. यजमान एके रात्री वही घेऊन बसले आणि त्यांनी शांतपणे विचारलं, "तुझ्या जागी बाई ठेवली असती तर तिला किती दिले असतेस?"

पोळी गिऱ्हाईक आणते, पैसे भाजी देते. त्यातही कुठली भाजी ते बघा. मेथीच्या दहा जुड्या निवडून, शिजवून पातेल्याच्या तळाशी जातात. मटकीचं उलट. मोड आले की वजन दुपटीच्या वर जातं. आठवड्यातून तीन दिवस उसळ ठेवली तेव्हा कुठे वही काळ्या शाईत आली.

गरम पोळी डब्यात भरू नका. वाफ धरते, खालच्या चार पोळ्यांचा लगदा होतो आणि गिऱ्हाईक फक्त त्याच चार लक्षात ठेवतं. आम्ही वेताच्या टोपलीत धुतलेला सुती पंचा घालून त्यावर पसरत असू. वर्तमानपत्र अजिबात नको, शाई अन्नाला लागते.

फूड लायसन्स : तेव्हा 12 लाखांच्या आत उलाढाल म्हणून मला नुसती नोंदणी पुरली, वर्षाला 100 रुपये, 14 आकडी नंबर मिळाला. ज्या एजंटाने त्याचे 3,500 मागितले त्याला चहा पाजून परत पाठवलं. घरचा 14.2 किलोचा सिलिंडर दुकानात लावू नका, 19 किलोचाच घ्या. सगळे लावतात हे मलाही माहीत आहे.

आणि 23 जून 2018 ला प्लास्टिकबंदी अमलात आली तेव्हा माझ्याकडे रश्शाच्या पातळ पिशव्यांचा तीन महिन्यांचा साठा होता. घाऊक स्वस्त मिळतात म्हणून घेतलेला. पहिल्याच वेळी 5,000 दंड, तेव्हा गुपचूप सगळा देऊन टाकला. मग "घरून डबा आणा, 2 रुपये कमी" अशी पाटी लावली. आश्चर्य म्हणजे लोक आणू लागले. एक आजोबा तर रोज तोच पितळी डबा आणत, त्याला आमटीच्या पातळीची खूण केलेली होती.

बंद का केलं? गुडघे.

रात्रपाळी

नाशिक. चार महिन्यांत बंद. बिर्याणी आणि रोल, भाड्याचं किचन, सगळं अ‍ॅपवर. 100 रुपयांची ऑर्डर : वर दिसण्यासाठी 20 रुपये सवलत माझ्या खिशातून. उरलेल्या 80 वर 26 टक्के कमिशन आणि त्या कमिशनवर 18 टक्के जीएसटी, म्हणजे साधारण साडेचोवीस. हातात 55. माल 38, डबा-चमचा-टिश्यू 7. राहिले 10, त्यात भाडं, वीज आणि दोन पोरांचा पगार बसवायचा होता. ऑर्डरी भरपूर होत्या. जितक्या वाढल्या तितका लवकर बुडालो.

हिंगपूड

माझा अनुभव नाही, आईचा आहे, चालेल ना?

लालबागला आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत आई गिरणीकामगारांची खाणावळ चालवायची. 22 माणसं, तिन्ही पाळ्या, काही जेवायला येत, काहींचे डबे जात. पैसे पगाराच्या दिवशी. तोवर वाण्याची उधारी, आणि वाणी नाही म्हणाला तर सावकार. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि अशा खाणावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आईलाही मिळालं. कर्ज फेडलं, वर पितळेची दोन पातेली घेतली.

मग 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. माणसं गावी गेली, काही परत आलीच नाहीत. त्यांच्याकडे राहिलेले पैसे आई कधी मागायला गेली नाही. "तेच उपाशी, त्यांच्याकडे काय मागू?" असं म्हणायची. समोर अभ्यासिका आहेत असं तुम्ही लिहिलंय म्हणून हे सांगतोय. परीक्षा संपल्या की ती पोरं कुठे जातात ते आधी बघा.

कढीपत्ता

हिंगपूड, अगदी. मे महिना आणि दिवाळी, पुणं रिकामं. माझं मे मध्ये निम्म्यावर यायचं. भाडं बारा महिन्यांचं असतं.

घारगे

डोंबिवली, फक्त सणाच्या ऑर्डरी. पहिल्या गणपतीला 400 उकडीचे मोदक घेतले. नारळ, गूळ, आंबेमोहोराची पिठी, सगळं मोजलं होतं. मोदकपात्र मोजलं नव्हतं. एका वेळी 21 बसतात, पंधरा मिनिटं लागतात. 400 म्हणजे 20 वेळा, पाच तास, आणि नैवेद्य सगळ्यांनाच अकराच्या आत हवा! रात्री दोनला उकड काढायला घेतली तरी शेवटचे 60 मोदक एक वाजता गेले. एका काकूंनी दारातच पैसे परत मागितले, दिले. तेव्हापासून पात्रं तीन आणि ऑर्डर 250 ला बंद. निम्मे पैसे आधी घेते, ओळखीच्यांकडूनही. ओळखीच्यांकडून तर नक्कीच.

थेम्सकाठची

स्लाव, इंग्लंड. शुक्रवार-शनिवार घरून डबे. इथे सुरू करायच्या 28 दिवस आधी कौन्सिलकडे नोंदणी, ती फुकट. मग तपासणीला माणूस येतो आणि 0 ते 5 गुण देतो. स्वयंपाकघर बघून तो खूश होता, गरम ठेवायचं अन्न 63 अंशांच्या वर हवं हेही मला पाठ होतं. मग म्हणाला, अ‍ॅलर्जीची यादी दाखवा. 14 पदार्थांपैकी काय काय कशात आहे ते सांगावं लागतं. मी ऐटीत लिहिलं होतं, वरणभातात काहीच नाही. त्याने फोडणीचा डबा उघडायला लावला. मोहरी यादीत आहे. तीळ आहेत, शेंगदाणे आहेत. आणि हिंगाची डबी फिरवून त्याने मागची बारीक अक्षरं वाचली : गव्हाचं पीठ. तीस वर्षं हिंग वापरतेय, त्यात गहू असतो हे मला एका गोऱ्या माणसाने सांगितलं. तेव्हापासून गहू न चालणाऱ्यांसाठी तांदळाच्या पिठातला हिंग वेगळा ठेवते, डबीला लाल दोरा बांधून.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. गाळेमालकाला आज फोन करून मे महिन्याचं भाडं निम्मं करता का विचारलं. तो हसला, पण नाही म्हणाला नाही. अभ्यासिकेत जाऊन आले, एकीत 80 मुलं, दुसरीत 35, बहुतेकांना बाहेरून आलेला डबा आहे. तो महिन्याला कितीला पडतो, ते जाऊबाई उद्या विचारून येणार आहेत. संध्याकाळी एक किलो कणीक वजन करून भिजवली आणि आम्ही दोघींनी लाटायला घेतली. माझ्या हातच्या धरल्या तर 27 होतात, जाऊबाईंच्या 34. लाटायला कोणी बसायचं ते ठरलं.